बायोलॉजीचा पेपर : वाचताना सगळं येतं, कोऱ्या कागदावर काहीच नाही

कोरी पाटी
मंडळी, जरा मदत हवी आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाचा जनरल बायोलॉजीचा पेपर दीड महिन्यावर आलाय. शाळा सुटून चौदा वर्षं झाली, मधल्या काळात फक्त हिशेब लिहिण्याचं काम केलं, त्यामुळे या विषयात नावाप्रमाणेच आहे. पेशीपासून परिसंस्थेपर्यंत सगळं एकाच पेपरात, आणि पुस्तक उचलायला दोन हात लागतात.

दोन महिने नेमाने वाचतेय. पिवळ्या मार्करने पानं इतकी रंगवलीत की आता न रंगवलेलं वाक्यच उठून दिसतं. काल सराव परीक्षा दिली. १०० पैकी ४३.

मार्कांचं दुःख आहेच, पण एका प्रश्नाने जास्त छळलं. 'एका प्राण्याच्या शरीरपेशीत ८ गुणसूत्रं आहेत. मिऑसिसच्या दुसऱ्या मेटाफेजमध्ये एका पेशीत किती गुणसूत्रं आणि किती क्रोमॅटिड असतील?' हे प्रकरण मी त्याच दिवशी सकाळी वाचलं होतं. तिसऱ्यांदा! आकृती पानाच्या उजव्या कोपऱ्यात आहे, दोरे निळे-लाल आहेत, हे सगळं डोळ्यांसमोर होतं. दोरे किती होते ते मात्र काही केल्या आठवेना. ८ आणि १६ ठोकून दिलं. चूक.

कुठे चुकतंय माझं? वय झालं म्हणून सोडून देऊ का?

अमिबा
मीही याच रांगेत, फक्त माझे ३९ आहेत. धागा वाचनखुणेत टाकलाय.

जुनी वही
या पेपरचे गठ्ठे बरीच वर्षं तपासलेत, त्या जोरावर लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

वयाचा काही संबंध नाही. तो मार्कर आधी ड्रॉवरमध्ये टाका. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपण त्यालाच 'येतंय' म्हणतो. रस्त्यात एखाद्याचा चेहरा ओळखीचा वाटणं वेगळं आणि त्याला नावाने हाक मारता येणं वेगळं. परीक्षेत हाक मारायची असते. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर याचा एक साधा प्रयोग केला. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी पान झाकून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नाही, दीड महिन्याने आहे.

आता तो प्रश्न. मिऑसिस म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं, दोन टप्प्यांतलं पेशीविभाजन. मेटाफेज म्हणजे त्यातली गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत लागतात ती वेळ. कोरा कागद आणि दोन रंगांची पेनं घ्या. आठाने सुरुवात नको, चार घेऊ. एक लांब जोडी, एक आखूड जोडी. प्रत्येक जोडीतलं निळं आईकडून आलेलं, लाल वडिलांकडून. चार साध्या रेघा झाल्या. विभाजनाआधी डीएनएची प्रत तयार होते, म्हणजे प्रत्येक रेघेला जुळी रेघ चिकटते आणि फुलीसारखा आकार होतो. दोन्ही रेघा जिथे जुळतात ते सेंट्रोमिअर. सगळी गोम इथे आहे : गुणसूत्रं मोजताना सेंट्रोमिअर मोजायचे, रेघा नाही. फुली म्हणजे एक गुणसूत्र, दोन क्रोमॅटिड. प्रत तयार झाल्यावरही गुणसूत्रं चारच, क्रोमॅटिड मात्र आठ.

पहिल्या विभाजनात जोडीदार एकमेकांपासून दूर जातात. फुली फुटत नाही, अख्खीच्या अख्खी एका टोकाला सरकते. त्यामुळे प्रत्येक पेशीत दोन फुल्या, म्हणजे २ गुणसूत्रं, ४ क्रोमॅटिड. संख्या निम्मी होते ती इथे. दुसऱ्या विभाजनात त्या फुल्या फुटतात आणि प्रत्येक पेशीत दोन सुट्या रेघा उरतात.

तुमच्या आठाला हेच लावा. दुसऱ्या मेटाफेजमध्ये फुल्या अजून फुटलेल्या नाहीत, म्हणून ४ गुणसूत्रं, ८ क्रोमॅटिड. तुम्ही लिहिलेलं ८ आणि १६ हे पहिल्या मेटाफेजचं उत्तर आहे. तेव्हा तुम्हाला काहीच येत नव्हतं असं नाही, तुम्ही एक पायरी मागे उभ्या होतात.

आणि हे वाचून नुसती मान डोलावू नका. उद्या सकाळी इथलं काही न बघता ६ गुणसूत्रांची पेशी घेऊन शेवटपर्यंत काढा. जिथे पेन अडेल तेवढाच परिच्छेद उघडून वाचा.

शेवटचा बाक
वहीकाका म्हणतात ते ऐकायला छान आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. 'समजून घ्या, पाठ करू नका' हे ज्यांचं पाठ झालेलं असतं तेच सांगतात. :) सेंट्रोमिअर म्हणजे काय हे पाठ नसेल तर फुली काढून काय उपयोग? संप्रेरकं, अमिनो आम्लांचे गट, प्राण्यांचे संघ... यात समजण्यासारखं काय आहे? मी सरळ घोकंपट्टी केली आणि पास झालो. आज त्यातलं काही आठवत नाही हा भाग वेगळा.

जुनी वही
हा हा. शेवटचं वाक्य लिहून तुम्ही माझंच काम केलंत.
पण मुद्दा बरोबर आहे. या पेपरात नव्या शब्दांचा भडिमार असतो आणि शब्द पाठच करावे लागतात. तरी शब्दांमध्येही पकडायला खुंटी शोधावी. मायटोसिस (यात गुणसूत्रं निम्मी होत नाहीत) आणि मिऑसिस कानाला सारखेच लागतात म्हणून निम्मा वर्ग घोळ घालतो. शाळेतले मराठी शब्द आठवा. मिऑसिसला अर्धगुणसूत्री विभाजन म्हटलं की अर्धं काय होतं ते नावातच आलं.

निशाचर
रात्रपाळीला शुश्रूषेचं काम करते, त्यामुळे शरीरक्रियेपुरतं बोलते.

संप्रेरकांत समजण्यासारखं काही नाही, हे शेवटच्या बाकाचं म्हणणं अजिबात पटलं नाही. नाव, ग्रंथी, काम असा तीन रकान्यांचा तक्ता पाठ केला तर तो आठवड्यात उडतो, खरं आहे. मी तक्ता करत नाही, साखळी लिहिते. उदाहरणार्थ : घाम फार गेला, पाणी कमी पडलं. रक्तातल्या विद्राव्यांची संहती वाढली. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळलं. त्याखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून एडीएच (पाणी राखायला लावणारं संप्रेरक) सुटलं. मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिकांच्या भिंतीतून पाणी जास्त परत शोषलं गेलं. लघवी थोडी आणि गडद. रक्त पूर्वपदावर यायला लागलं की एडीएच कमी.

एवढं लिहून झालं की त्यातली एकेक कडी तोडायची. एडीएच सुटलंच नाही तर? लघवी भरपूर, पातळ, आणि तहान थांबत नाही. एडीएच आहे पण मूत्रपिंड दाद देत नाही तर? लक्षणं तीच, पण बाहेरून एडीएच देऊन फरक पडणार नाही. दारूने एडीएच दबतं, म्हणजे काय होईल ते तुम्हीच सांगा. परीक्षेतले प्रश्न अशा तुटलेल्या कड्यांचेच असतात. 'एडीएच कुठून स्रवतं' असं सरळ विचारण्याइतके परीक्षक प्रेमळ नसतात.

पेशंट वाट बघतायत, पळते.

अमिबा
निशाचर, ग्लुकोजची साखळी करून बघितली. जेवण → साखर वाढली → स्वादुपिंडातून इन्सुलिन → स्नायू आणि चरबीच्या पेशी साखर आत घेतात, यकृत ग्लायकोजेन साठवतं. उपास → ग्लुकॅगॉन → यकृत ग्लायकोजेन फोडतं. हे जमलं.

पण एटीपीने (पेशी ऊर्जा म्हणून खर्च करते तो रेणू) डोकं उठवलंय. एका ग्लुकोजमधून एटीपी किती? जुन्या नोट्समध्ये ३८, एका पुस्तकात ३६, नवीन पुस्तकात '३० किंवा ३२'. परीक्षेत काय लिहायचं? नाणं उडवू का?

कोरी पाटी
अमिबा, हे माझ्या खात्यातलं आहे! आज तीन तास याच्यावरच घालवले, आणि विषय सुरू केल्यापासून पहिल्यांदा मजा आली. जमाखर्च मांडला.

ग्लायकोलिसिसमध्ये (ग्लुकोज फोडून दोन पायरुव्हेट होतात तो टप्पा) आधी २ एटीपी गुंतवावे लागतात, पुढे ४ मिळतात, म्हणजे शिल्लक २. शिवाय २ एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू, पुढचा एफएडीएच-टूही तसाच). दोन पायरुव्हेट मायटोकाँड्रियात गेले आणि त्यांचं असिटिल कोए झालं, आणखी २ एनएडीएच. क्रेब्ज चक्राचे दोन फेरे : ६ एनएडीएच, २ एफएडीएच-टू आणि २ एटीपी (काही पुस्तकं इथे जीटीपी लिहितात, किंमत तीच).

एकूण रोकड ४ एटीपी. बाकी सगळ्या हुंड्या : १० एनएडीएच, २ एफएडीएच-टू. त्या वटतात शेवटच्या इलेक्ट्रॉन साखळीत.

आता गंमत बघ. जुनी पुस्तकं एनएडीएचला ३ आणि एफएडीएच-टूला २ असा दर लावतात. ३० + ४ + ४ = ३८. नवीन पुस्तकं २.५ आणि १.५ लावतात. २५ + ३ + ४ = ३२. म्हणजे वही सगळ्यांची सारखीच आहे, फरक विनिमयदराचा आहे.

मग ३६ आणि ३० कुठून आले? ग्लायकोलिसिस मायटोकाँड्रियाच्या बाहेर होतं. तिथले २ एनएडीएच आत जाऊ शकत नाहीत, त्यांचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या हाती आत पाठवावे लागतात. काही पेशींत ते आत एफएडीच्या हाती पडतात आणि कमी दराने वटतात. दोन हुंड्यांवर एकेक एटीपीचं नुकसान, म्हणून २ कमी. दलाली म्हणा हवं तर.

(वहीकाका, बरोबर आहे ना? पाटी पुसायची असेल तर आत्ताच सांगा.)

जुनी वही
पुसू नका, चौकट करून भिंतीवर लावा. एवढ्या वर्षांत 'दलाली' कुणी लिहिली नव्हती.

अमिबा, तुमच्या परीक्षेला जे पुस्तक नेमलंय त्याचा आकडा लिहायचा, पण दर कुठला लावलाय ते माहीत असू द्या. दरांत अपूर्णांक का, तर एनएडीएचमधून एटीपी थेट तयार होत नाही. इलेक्ट्रॉन साखळीतून जाताना प्रोटॉन आतल्या पटलापलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी सिंथेज हे एटीपी बनवणारं विकर फिरतं. किती प्रोटॉन ढकलले आणि एका एटीपीला किती लागले याचा तो भागाकार आहे, पूर्णांकात येईलच असं नाही. पीटर मिचेलने ही कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा फार थोड्यांना पटली होती. १९७८ मध्ये त्यासाठीच त्याला नोबेल मिळालं.

आता निशाचर यांच्या पद्धतीने कडी तोडा. सायनाइड साखळीच्या शेवटच्या संकुलाला चिकटतं, इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचत नाहीत. मग काय काय थांबेल? बहुतेक जण 'एटीपी' लिहून थांबतात. मागे मागे जा. एनएडीएच वटत नाही, म्हणून एनएडी (इलेक्ट्रॉन उतरवून रिकामं झालेलं एनएडीएच) मोकळं होत नाही, म्हणून क्रेब्ज चक्र अडतं, जरी त्या चक्रात ऑक्सिजन थेट कुठेच वापरला जात नसला तरी. मग ग्लायकोलिसिस कशावर चालतं? पायरुव्हेटचं लॅक्टेट करून एनएडी सोडवून घेण्यावर, म्हणजेच किण्वनावर. किण्वनाचा उपयोग काय, या प्रश्नाला 'एटीपी बनवणे' असं उत्तर हमखास येतं. एटीपी ग्लायकोलिसिसचे. किण्वन फक्त एनएडी मोकळं करून देतं.

शेवटचा बाक
च्यायला, हे आम्हाला असं कुणी सांगितलं असतं तर. असो.

माझ्याकडून एक उपयोगाची गोष्ट, कारण मागच्या प्रतिसादात नुसतंच भांडलो. प्रयोगांवरचे प्रश्न सोडू नका. मी 'इतिहास' समजून सोडले आणि आपटलो. मेसेल्सन आणि स्टाल, १९५८. डीएनएची प्रत कशी बनते हे बघायला त्यांनी जिवाणू जड नायट्रोजन-१५ वर वाढवले, मग साध्या नायट्रोजन-१४ वर आणले. पहिल्या पिढीत डीएनएचा एकच पट्टा, मधल्या वजनाचा. दुसऱ्या पिढीत दोन पट्टे, एक मधला आणि एक हलका. एवढं मला पाठ होतं. पेपरात विचारलं, 'तिसऱ्या पिढीत मधल्या वजनाचे रेणू किती टक्के?' मी त्या पानावरचं चित्र आठवत बसलो. चित्रात तिसरी पिढी नव्हतीच!

जुनी वही
आणि ते काढायला दोन मिनिटं लागतात. मूळच्या रेणूचे जड धागे दोनच, ते कधीच वाढणार नाहीत. तिसऱ्या पिढीला रेणू आठ. त्यातल्या दोघांत एकेक जड धागा. म्हणजे २५ टक्के मधले, ७५ हलके.
आणखी एक गोष्ट विचारतात : पहिल्या पिढीने कुठली शक्यता बाद झाली आणि दुसरीने कुठली. जुना रेणू तसाच राहून नवीन वेगळा बनत असता, तर पहिल्याच पिढीत जड आणि हलका असे दोन पट्टे दिसायला हवे होते. तुकड्यातुकड्यांत मिसळत असता, तर दुसऱ्या पिढीतही एकच पट्टा, थोडा हलका झालेला, दिसायला हवा होता. प्रत्येक प्रयोगाला हा एकच प्रश्न विचारायचा : निकाल उलटा आला असता तर काय म्हटलं असतं?

कोरी पाटी
दोन आठवड्यांनी हजेरी लावतेय. रोज सकाळी कोरा कागद. पहिले चार दिवस रडू आलं, खोटं कशाला सांगू. वाचत होते तेव्हा आपल्याला किती येत नाही हे तरी कळत नव्हतं.

काल हार्डी-वाइनबर्ग, म्हणजे समूहातल्या जनुकांच्या प्रमाणाचं सूत्र (पी चांगल्या प्रतीचं प्रमाण, क्यू बिघडलेल्या प्रतीचं; वाहकात दोन्हींची एकेक प्रत). 'एक अप्रभावी विकार २५०० जन्मांत एकाला होतो. वाहक किती?' मी १ भागिले २५०० म्हणजे ०.०००४ हेच जनुकाचं प्रमाण धरलं आणि वाहक १२५० जणांत एक काढले. उत्तर २५ जणांत एक आहे! पन्नासपट फरक. चूक कळल्यावर कपाळावर हात मारला. विकार दिसायला दोन्ही प्रती लागतात, म्हणून ०.०००४ हा क्यूचा वर्ग. क्यू म्हणजे ०.०२, पी म्हणजे ०.९८, आणि वाहक २ × ०.९८ × ०.०२, म्हणजे ०.०३९२. हिशेबाची माणूस असून वर्गमूळ विसरले.

निशाचर
हीच चूक मी प्रत्यक्ष परीक्षेत केली होती, त्यामुळे तुम्ही सुदैवी. रुग्ण मोजता येतात, ते नेहमी वर्गाच्या घरात. तिथूनच सुरुवात करायची.

अमिबा
वनस्पती आणि परिसंस्था शेवटच्या दोन दिवसांवर ढकलल्या तर चालेल का? सोप्या वाटतायत.

जुनी वही
परिसंस्था एकवेळ चालेल. वनस्पती नको. सोप्या वाटतात म्हणून सगळे ढकलतात आणि बरोबर तिथेच गळतात. प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडचा की पाण्याचा? पाण्याचा. तरी दर गठ्ठ्यात निम्मे कागद उलटं सांगायचे. आणि पिढ्यांचं एकांतरण नीट काढा. प्राण्यांत मिऑसिसमधून युग्मकं (अंडं, शुक्रपेशी) तयार होतात. वनस्पतींत मिऑसिसमधून बीजाणू तयार होतात, ते वाढून एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) पिढी बनते आणि ती युग्मकं तयार करते, मायटोसिसने. 'युग्मक म्हणजे मिऑसिस' असं घोकलेल्यांचा इथे निकाल लागतो.

शेवटचा बाक
हे कुणाला उद्देशून होतं ते कळलं बरं का.

कोरी पाटी
परीक्षा झाली! निकाल यायचाय. मधल्या सराव परीक्षेत ७१ होते, त्यामुळे धाकधूक थोडी कमी.

एक प्रश्न सांगायलाच आलेय. 'राणी मधमाशीच्या शरीरपेशीत ३२ गुणसूत्रं असतात. नर माशी फलित न झालेल्या अंड्यातून जन्मते. नराच्या शुक्रपेशीत किती गुणसूत्रं असतील?' पर्याय ८, १६, ३२, ६४. मधमाशा मी वाचल्याच नव्हत्या. पोटात गोळा आला. मग कच्च्या कामाच्या जागेत रेघा काढायला लागले. बत्तीस कोण काढत बसतंय, चार घेतल्या. राणीच्या चार, अंड्यात दोन, अंडं फलित नाही म्हणजे नराच्या अंगात दोनच : एक लांब, एक आखूड, दोन्ही निळ्या. आता यांना वेगळं करायचं तर जोडीदार कुठाय? लालच नाहीत! निम्मं व्हायला जोडीच नाही, मग शुक्रपेशीतही त्या दोन्ही जाणार. म्हणजे बत्तीसच्या हिशेबात १६. पुढच्या प्रश्नावर जाऊनही दोनदा मागे येऊन बघितलं, कारण 'शुक्रपेशी म्हणजे निम्मे' हे इतकं डोक्यात बसलेलं की ८ वर खूण करायला हात शिवशिवत होता.

वहीकाका, १६ बरोबर ना?

जुनी वही
बरोबर. नर माशीत पहिलं विभाजन सुरू होतं आणि अर्ध्यात सोडून दिलं जातं, संख्या निम्मी होतच नाही. हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतही नाही.

शेवटचा बाक
मी ८ लिहून, वर 'सोपा होता' म्हणत बाहेर आलो असतो.